तळीला पाचवा हात

देवाधर्माच्या बाबतीत मी फार विश्वासाची बाई नाही, हे आधीच सांगते. दुबईला येऊन सोळा वर्षं झाली. अल बर्शातल्या आमच्या घरात देव्हारा आहे, रोज दिवा लागतो, पण तो सासूबाईंच्या धाकाने लागायला लागला आणि पुढे सवयीने लागत राहिला, असं मीच मैत्रिणींना हसत सांगायचे. माझा खरा विश्वास माझ्या स्वतःच्या जुळवाजुळवीवर. ऑफिसात माझं कामच ते, कोण कुठे कधी पोचणार हे ठरवायचं, आणि घरातही मी तेच करते. माझ्यावाचून कुणाचं पान हलत नाही असा माझा पक्का समज होता. गेल्या मार्गशीर्षात फ्रान्समधल्या एका जुन्या तटबंदीच्या गावात तो समज एका दिवसात गळून पडला. चमत्कार झाला असं माझं म्हणणं नाही. जसं घडलं तसं लिहिते.

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. सासरचं गाव जेजुरीपासून एसटीने अर्ध्या तासावर, त्यामुळे देव म्हणजे घरातलाच कुणी वडीलधारा. चंपाषष्ठीला तळी भरायची हा कुळाचार. पितळी ताटात पाच विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याचे तुकडे आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, ठेवायची. भोवती बसून सगळ्यांनी ताटाच्या कडेला हात लावायचा आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत ते तीनदा उचलायचं. हात विषम लागतात. कुणाकडे तीन, कुणाकडे सात, आमच्या घराण्यात पाच, आणि एरवी ते पुरुषांचे. आम्ही दुबईला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात सासू-सासरे आमच्याकडे आले होते आणि घरात पुरुष दोनच. आबा, म्हणजे माझे सासरे, बिल्डिंगमधून कुणाकुणाला बोलवावं या विचारात बसले होते. तेवढ्यात सासूबाई पदर खोचून ताटापाशी बसल्या आणि म्हणाल्या, “हात मोजा, मिशा नका मोजू.” तिसरा हात त्यांचा, चौथा माझा, आणि पाचवा माझ्या कडेवरच्या रेवाचा, जिला ताट धरताही येत नव्हतं. तेव्हापासून ते पाच हात ठरून गेले: आबा, सासूबाई, माझा नवरा नितीन, मी आणि रेवा. दरवर्षी हिवाळ्यात दोघं यायची आणि सातव्या मजल्यावर आमची तळी व्हायची. तीन बायका तळी उचलतात असं घर आमच्या भावकीत दुसरं नाही, आणि मला त्याचा फार अभिमान होता. देवापेक्षा जास्त मला त्या अभिमानानेच धरून ठेवलं होतं म्हणा.

मग एका आषाढात सासूबाई गेल्या. वर्षाच्या आत सण करायचे नाहीत म्हणून त्या साली तळी भरली नाही. आबांना आम्ही कायमचं दुबईला घेऊन आलो. आबा सरकारी बांधकाम खात्यात मिस्त्री होते. त्यांचा जन्म दगड-चुन्यात गेला, पूल बांधण्यात आणि घाटातले कठडे रचण्यात. असा माणूस गॅलरीत खुर्ची टाकून शेख झायेद रोडवरची मेट्रो बघत बसायला लागला. हाक मारली की जेवायचे. रेवा इंग्रजीत काही विचारायची, ते मान हलवायचे, आणि दोघांचं बोलणं तिथेच संपायचं. श्रावणात मी त्यांना विचारलं की यंदा तळी भरायची ना. ते म्हणाले, “चार हातांची तळी नसते, सूनबाई. सलग दोन वर्षं खंड पडला की कुळाचार मोडला म्हणायचा. मोडला तर मोडला.” आबा असं कधी बोलले नव्हते. त्यांच्या आवाजात रागही नव्हता. हा माणूस एकेक गोष्ट हातावेगळी करत चालला आहे आणि तळीनंतर काय, हा विचार माझ्या मनात आला. मी ठरवून टाकलं की तळी होणार आणि पाचवा हात मी आणणार. शेजारच्या बिल्डिंगमधल्या सातारच्या एका गृहस्थांना सांगूनही ठेवलं.

आणि मग मीच घोळ घातला. नितीनची फॅक्टरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आहे. नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी त्याला दोन आठवडे दक्षिण फ्रान्सला पाठवलं होतं. नॅशनल डेची सुट्टी जोडून आबांना आणि रेवाला घेऊन तिकडे जायचं मी ठरवलं. बुकिंगच्या आधी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात चंपाषष्ठी बघितली, परत आल्यावर दहा दिवसांनी होती, झालं. आता आमच्याकडे मराठी कॅलेंडर कुणीतरी मुंबईहून येताना आणतं, आणि जुनं टाकायला माझं मन होत नाही कारण त्याच्या मागच्या पानांवर पाककृती असतात. नवं-जुनं एकाच खिळ्याला लटकत असतं. मी बघितलं ते गेल्या वर्षीचं होतं.

हे मला कळलं ते फ्रान्समध्ये, तिसऱ्या दिवशी सकाळी, चालत्या गाडीत. आम्ही चौघं त्या तटबंदीच्या गावाला निघालो होतो. पुण्याहून नणंदेचा मेसेज आला: भरीत-रोडग्याच्या नैवेद्याचा फोटो, ताटाचा फोटो, आणि खाली ‘आज चंपाषष्ठी, वहिनी तुमची तळी झाली का?’ मी तो तीनदा वाचला. आबा पुढच्या सीटवर खिडकीतून द्राक्षांचे रिकामे मळे बघत होते. नितीन म्हणाला, “यल्ला, चला, वीस मिनिटांत पोचतोय.” मी कुणाला न सांगता मोबाइल पर्समध्ये टाकला.

त्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. टेकडीच्या माथ्यावर वसलेलं, सातशे वर्षं जुनं, भोवती अख्खा तट आणि आत शिरायला वेशी. डिसेंबरात तिकडे पर्यटक नसतात, अर्धी दुकानं बंद होती. दगड सगळा फिकट पिवळा, आणि ढगातून ऊन आलं तेव्हा अंगाला हळद लागल्यासारखं ते गाव दिसलं. वेशीपाशी एक काळं-पांढरं कुत्रं उठलं आणि आबांच्या मागून चालायला लागलं. आमच्या देवाच्या टाकावर घोड्यावर खंडोबा आणि पायाशी कुत्रं कोरलेलं आहे. मला ते आठवलं आणि लाजच वाटली. इतक्या लांब येऊन तो आठवण करून देतोय आणि मी कॅलेंडर बघायला चुकले.

आबा मात्र त्या भिंतींपाशी बदलले. वर्षभरात दहा वाक्यं न बोललेला माणूस दगडावर तळहात ठेवून नितीनला सांगायला लागला, “चुन्याचं काम आहे. सिमीट नाही. हे बघ, हा दगड मागनं बसवलाय. घाई केली कुणीतरी.” रेवाने विचारलं, “हाऊ कॅन ही टेल?” नितीनने मराठीत सांगितलं, आबांनी पुन्हा दाखवलं, आणि रेवाने दोन दगडांमधल्या फटीत बोट घालून बघितलं. तटावर चढायला उंच पायऱ्या होत्या. आबांच्या गुडघ्यांना घरातला जिनाही जड जातो, पण ते कुणाचा हात न धरता वर गेले. वरून खालचा सगळा मुलूख दिसत होता. तिथे मला राहवलं नाही. मी म्हणाले, “आबा, माझी चूक झाली. आज चंपाषष्ठी आहे.”

“ठाऊक आहे,” आबा म्हणाले. “तिथी मला कॅलेंडरात बघावी लागत नाही. अमावास्येपासून बोटांवर मोजतोय.” त्यांनी खांद्यावरची पिशवी उघडली. आत सासूबाईंच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं ताट होतं, ओल्या फडक्यात पाच पानं होती, सुपाऱ्या, खोबरं, आणि भंडाऱ्याची पुरचुंडी. मी विचारलं, “मग तुम्ही बोलला का नाहीत?” तर म्हणाले, “तू हौसेनं ठरवलंस. चार हातांसाठी कशाला मोडायचं? उंच जागा मिळाली, बरं झालं. जेजुरीकडं तोंड करून भंडारा उधळतो आणि देवाला सांगतो, एवढ्यावर मानून घे. परत गेल्यावर ताट एखाद्या देवळात देऊन टाक.” हे सगळं त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की नितीन दुसरीकडे बघायला लागला. मी म्हणाले, “अर्धा तास थांबा. मी पाचवं माणूस आणते.”

नितीन म्हणाला, तिघांनी उचलू, हातही विषम होतील. आबा म्हणाले, “बाजूला कुणाला बसवू? पोरीला?” तेवढ्यात मी पायऱ्या उतरलेसुद्धा. दुबईत हिंदी, इंग्रजी आणि अरबीचे चार शब्द एवढ्यावर माझं कुठेही अडलेलं नाही. इथे चौकातल्या कॅफेत गेले, हवेत ताटाचा गोल काढून दाखवला, तर मालकाला वाटलं मी ताटं विकतेय. तो नम्रपणे नको म्हणाला. एक म्हातारं जोडपं माझे हातवारे बघून हसलं आणि त्यांनी मला स्वच्छतागृहाची वाट दाखवली. एका दुकानातली बाई मी पुरतं बोलायच्या आत फोनकडे वळली. कुणाचं काही चुकलं नाही. थंडीच्या दिवशी एक परकी बाई येऊन दोन्ही हात वर करून दाखवते, माणसांनी काय समजावं? मी तरी धावत होते. रेवा पाच वर्षं शाळेत फ्रेंच शिकतेय, तिला बरोबर घ्यावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला कुणाला बरोबर घ्यायची सवयच नाही.

शेवटी चर्चच्या पायरीवर बसले. अर्धा तास उलटून गेला होता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि दुःखापेक्षा त्यात संताप जास्त होता. आयुष्यात पहिल्यांदा मी खंडोबाशी सरळ बोलले. म्हणाले, माझ्याच्याने होत नाही. ताट तुझं, माणसं तुझी, तू बघ. एवढं म्हटल्यावर आतून खरंच मोकळं वाटलं, आणि मी पदराने, म्हणजे ओढणीने, डोळे पुसून परत तटाकडे निघाले. आबांनी एव्हाना भंडारा उधळला असेल असं धरूनच चालले होते.

सोडलं होतं तिथे तिघंही नव्हती. पुढच्या बुरुजापाशी दुरुस्तीसाठी परांची बांधली होती, वाऱ्याला आड म्हणून कापड लावलं होतं, आणि त्याच्या तोंडाशी ते कुत्रं बसलं होतं. नितीनने नंतर सांगितलं की कुत्रं उठून तिकडे गेलं आणि आबा त्याच्या मागे गेले. कुत्रं तिथलंच होतं. आत पन्नाशीची एक बाई एकटीच तटाची डागडुजी करत होती. कोपरापर्यंत चुना उडालेला, बाजूला घमेलं, भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा सोडलेला. आबा हात मागे बांधून तिचं काम बघत उभे होते, जसे पूर्वी साइटवर नव्या गवंड्याचं बघत असतील. आणि माझी मुलगी फ्रेंचमध्ये बोलत होती.

शाळेत प्रत्येक पालकसभेला मी ऐकलेलं की रेवा वर्गात तोंड उघडत नाही. घरी ती मराठीत प्रश्न विचारला की इंग्रजीत उत्तर देते. दोन्हीकडून ही मुलगी आपल्याला परकी होणार, अशी धास्ती सासूबाईंनाही होती. तीच रेवा हातांनी ताटाचा गोल काढून, पाच बोटं दाखवून, मग एक मिटून काहीतरी सांगत होती. मधूनच मला कळणारे शब्द येत होते: खंडोबा, तळी, आजी. अडखळत होती, थांबून पुन्हा शब्द शोधत होती, पण सोडत नव्हती. त्या बाईने थापी खाली ठेवली. मी विचारलं, काय सांगितलंस तिला? रेवा म्हणाली, “आय टोल्ड हर वी आर फोर. द फिफ्थ हँड वॉज आजीज.”

बाईने आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग बादलीपाशी गेली आणि हात धुतले, नखांतला चुना बराचसा निघेपर्यंत. हात धू असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. आबांनी बूट काढलेले तिने बघितले आणि स्वतःचेही जाड बूट काढून त्या थंडगार दगडावर आली. रेवाने मोबाइलवर दिशा बघितली. “आबा, जेजुरी दॅट वे. ईस्ट.” आबांनी तिकडे तोंड करून साडीच्या तुकड्यावर ताट मांडलं. आम्ही सवयीने आपापल्या जागी बसलो आणि आबांच्या डाव्या हाताची जागा रिकामी राहिली. ती बाई तिथे बसली. दुसरी जागाच नव्हती, हे मला कळतं. तरी ती सासूबाईंचीच जागा होती.

पहिल्यांदा ताट उचलताना आबांच्या तोंडून ‘येळकोट’ निघालं आणि पुढचं फुटेना. क्षणभर पाच हात नुसतेच अधांतरी राहिले. तेवढ्यात रेवाने हाळी दिली, “येळकोट येळकोट जय मल्हार,” अशी खणखणीत, की कापडाबाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. इतकी वर्षं ती तळीला ओठ हलवायची, मला वाटायचं तिला हे सगळं गावंढळ वाटतं. ती ऐकत होती. आजीचं सगळं तिने ऐकून ठेवलं होतं. दुसऱ्यांदा आबांचा आवाज तिच्या आवाजात मिसळला. तिसऱ्यांदा त्या बाईनेही म्हटलं, सगळं नाही, फक्त शेवटचं ‘मल्हार’, तिच्या घशातल्या ‘र’ने. मला आयुष्यात कशाचाच एवढा अभिमान वाटलेला नाही, जेवढा त्या घटकेला माझ्या मुलीचा, माझ्या सासऱ्यांचा आणि आमच्या देवाचा वाटला. जेजुरीचा गड सोडून तो इथवर आमच्यासाठी आला होता, आणि येताना आमचं माणूस घेऊन आला होता. मी रडले आणि लपवलंही नाही.

आबांनी तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि खोबरं हातावर ठेवलं. तिने वास घेतला, खोबरं खाल्लं, रेवाला काहीतरी विचारलं. मग आबांनी थापीकडे बोट दाखवून मान हलवली. ती हसली आणि थापी त्यांच्या हातात देऊन बाजूला झाली. सव्वा वर्ष मेट्रो बघत बसलेला तो माणूस गुडघे टेकून भिंतीपाशी बसला, चुना चाखल्यासारखा बोटावर घेऊन बघितला, अंथरला, त्यावर चिमूटभर भंडारा टाकला, आणि एक दगड अलगद बसवून ओळंब्याला लावून बघितला. सुतात होता. बाईने दगडावर तळहात ठेवला आणि आबांकडे बघून एकच शब्द बोलली. रेवाला विचारायची गरज पडली नाही. चांगलं काम झालं की मिस्त्री जसं म्हणतात तसंच ते होतं. तिचं नाव विचारायचं मात्र आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

गाडीत बसताना आबांनी ताट परत त्या साडीत गुंडाळलं. मी भीतभीत विचारलं की हे कुठल्या देवळात द्यायचं. ते म्हणाले, “पुढच्या वर्षी कॅलेंडर नीट बघ गं.” बस्स. सकाळी ‘एवढ्यावर मानून घे’ म्हणणाऱ्या माणसाने पुढचं वर्ष धरलं होतं. नितीनने गाडी सुरू केली.

ते पुढचं वर्ष आता आलं आहे. चंपाषष्ठीला आठ दिवस आहेत. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला एकच कॅलेंडर आहे आणि त्यावर आबांनी स्वतः पेनाने गोल केला आहे. रेवा रोज संध्याकाळी त्यांच्याकडून जेजुरीच्या गडाच्या गोष्टी ऐकते आणि मराठीत उत्तर द्यायचा प्रयत्न करते. त्यावर आबा हसतात, ती चिडते. सातारच्या त्या गृहस्थांना मी यंदा काही सांगितलेलं नाही. नितीनने विचारलं की पाचवं कोण. मी म्हणाले, माहीत नाही. त्याला खरं वाटेना, कारण माहीत नसणं हे माझ्याकडून त्याने कधी ऐकलेलं नाही. पण मला आता एवढंच कळलं आहे की आपण ताट स्वच्छ घासायचं, पानं पुसायची, आपली आपली जागा घ्यायची, आणि आबांच्या डाव्या हाताची जागा मोकळी ठेवायची. कुणाला बसवायचं ते ज्याचं ताट आहे तो बघतो. आज सकाळी मी चिंच लावून ताट घासलं. कडेला, सासूबाईंचा हात असायचा तिथे, चुन्याचा एक बारीक पांढरा ठिपका अजून आहे. तेवढा मी घासला नाही.